विमान थांबले, तर जमिनीचे काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव सोडून आज विमानाचे काय काढले, असे तुमच्यातले काही जण म्हणत असतील. पण विमान उतरते ते जमिनीवर, आणि ती जमीन बहुतेक वेळा आपल्यासारख्या जिरायतवाल्याचीच असते.

शिर्डीचा म्हणतात तो विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत आहे. 1 ऑक्टोबर 2017 ला राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला. अडीच हजार मीटरची धावपट्टी. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर 2019 मध्ये, विमाने थांबली. दृष्टमानता कमी झाली, आणि तसल्या हवेत विमान उतरवायची यंत्रणा नव्हती. जवळजवळ महिनाभर आकाश मोकळे. मार्च 2020 ला टाळेबंदी लागली, ती विमाने थेट ऑक्टोबर 2021 मध्ये परतली. रात्रीची सेवा सुरू व्हायला एप्रिल 2023 उजाडला.

आता नीट ऐका. ज्यांची जमीन गेली तेच लोक विमानतळ बंद पडू नये म्हणून सगळ्यात जास्त काळजी करतात. रान गेले, आता निदान पोराची गाडी, चहाची टपरी, पहारेकऱ्याची नोकरी तरी चालावी. बंद पडला तर दोन्हीकडून मार. आम्ही अशा गावांतून हिंडतो तेव्हा म्हातारी माणसे गट नंबर सांगत नाहीत. बांधावरचा लिंब, बुजवलेली विहीर, बाजरीचे खळे, अशी खूण सांगतात. ही आठवण कुठल्याच मोबदल्यात मोजलेली नसते.

त्याच भागाला निळवंड्याच्या पाण्याची आशा होती. धरणाची कल्पना 1970 ची. डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले 26 ऑक्टोबर 2023 ला. म्हणजे पाण्याच्या आधी विमान आले! सरकारला घाई कशाची असते ते यावरून समजावे.

शेजारचे सोलापूर पाहा. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची नियमित प्रवासी विमाने बंद पडली आणि दहा वर्षांहून जास्त काळ बंदच राहिली. पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा अडचण ठरली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. 15 जून 2023 ला ती पाडली. गोव्याचे विमान उडाले 9 जून 2025 ला. चिमणी बेकायदा होती की नव्हती, हा वाद बाजूला ठेवू. तोट्याचा हिशेब ऊसवाल्याच्या नावावर लागला, एवढे खरे.

आमचा विमानाला विरोध नाही. आमचा प्रश्न करारनाम्याचा आहे. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याचे कलम 101 म्हणते की, ताब्यानंतर पाच वर्षे जमीन वापराविना पडली तर ती मूळ मालकाला किंवा वारसाला परत द्यावी, नाहीतर सरकारच्या भूमी बँकेत जावी. या ‘नाहीतर’मध्ये सगळी मेख आहे. आणि धावपट्टी बांधली, चार वर्षे चालवली, मग कुलूप लावले, तर काय? त्याचे सरळ उत्तर कलमात नाही.

म्हणून यापुढे आपल्या जिल्ह्यात कुठल्याही कामाला जमीन मागायला आले, की तीन गोष्टी लेखी मागायच्या: विक्रीऐवजी भाडेपट्टा, दरवर्षी वाढते भाडे, आणि काम बंद पडल्यास सातबारा पुन्हा आपल्या नावावर. ज्यांची जमीन आधीच गेली आहे त्यांनी निवाड्याची प्रत आणि जुना सातबारा पुढच्या बैठकीला घेऊन यावे. नुसती तोंडी हकीकत आणू नका, कागद आणा.