कबूल कोणी म्हणायचे?

ऑपरेशनच्या आधी ज्या कागदावर सही घेतात, त्यातले मराठी मी बऱ्याचदा वाचले आहे. चांदूर रेल्वेतून कुणाला अमरावतीला किंवा सेवाग्रामला न्यायचे झाले, की लिहिता-वाचता येणारा एक माणूस सोबत घेतात; त्यात माझा नंबर लागतो. ‘मला माझ्या भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे,’ असे त्यात असते. कोणी समजावले, ते वाक्यात नाही. खाली ‘काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत.’ डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असेल, तर या ओळीला कायद्यात किंमत नाही. पण सही करणारा ती वाचून धास्तावतो आणि विचारायचे तेही विचारत नाही.

शिवाय सही करणारा पुष्कळदा रुग्ण नसतोच. बाई शुद्धीवर, खाटेवर बसलेली असते आणि बाहेर पुकारा होतो, “यांचे मिस्टर कोण?” एकदा नवऱ्याची सही होऊन गेल्यावर बाईने मला विचारले, “चाचा, माह्या पोटातलं काय काढून रायले जी हे?”

हे येते कुठून? भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम पाहा. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कोणाची घ्यावी? आधी पती किंवा पत्नी, मग मूल अज्ञान असेल तर आईवडील वा पालक आणि सर्वांत शेवटी स्वतः रुग्ण. ज्याचे पोट फाडायचे, तो रांगेत शेवटी!

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात ही रांग मोडली. दिल्लीत १९९५ साली चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई दुर्बिणीने पोटाची तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडे काढली गेली. न्यायालय म्हणाले, तपासणीला दिलेला होकार म्हणजे उपचाराला होकार नव्हे. जिवावर बेतलेले नव्हते, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचे होते. उपचार काय, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, नाही केले तर काय होईल, एवढे सांगितल्यावरच संमती खरी. भरपाई मिळाली पंचवीस हजार. मला ती फार थोडी वाटते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरी नवऱ्याची सही मागितली जातेच.

आमच्या निकाहात वकील आणि साक्षीदार मुलीकडे जाऊन तिला विचारतात. तिच्या होकाराशिवाय निकाह नाही. लाजून ती गप्प राहिली, तर तो होकार धरायची जुनी रीत आहे. दवाखान्यात मात्र ती रीत चालू नये. तिथली चुप्पी लाजेची नसते, भीतीची असते.

भीतीवर होकार कसा उभा राहतो, ते बीडने दाखवले. तिथल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, असे आरोग्यमंत्र्यांनी २०१९ साली विधिमंडळात सांगितले. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या, चाळिशीच्या आतल्याही. ‘कॅन्सर होईल’ ही एक भीती. पाळीच्या दुखण्याने खाडा झाला तर दंड, ही दुसरी. अंगावर मुकादमाची उचल. सह्या-अंगठे कागदावर असतीलच. बीजांडेही गेली तर पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होतात, हे कितीजणींच्या कानी घातले गेले?

डॉक्टरांना वेळ नसतो, हे खोटे नाही. पण एका तरुण डॉक्टरीणबाईंना मी पाहिले आहे. बाहेर गर्दी असताना त्यांनी केसपेपरच्या पाठीवर पिशवीचे चित्र काढले आणि नवऱ्याकडे न पाहता बाईला समजावले. दहा मिनिटे लागली असतील. बाईने दोन प्रश्न विचारले, चित्राकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाली, “मंग आंधी गोया घिऊन पाह्यतो.”