दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं असं नाही



मला इथे संगणकावर बोलायला बोलावतील असं वाटलं होतं. पण माझ्या मुतखड्याच्या ऑपरेशनचा किस्सा ऐकून आयोजक म्हणाले, "हेच सांगा." तर हेच सांगतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवसभर एसीत बसायचं, तहान लागत नाही. पाण्याची बाटली संध्याकाळी अर्धी तशीच. एका रात्री दोनच्या सुमारास डाव्या कुशीत कळ उठली आणि जांघेपर्यंत उतरली. उलट्या सुरू झाल्या. बसवेना, झोपवेना. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी लिहून दिली. सकाळी दुखणं गेलं आणि ती चिठ्ठी माझ्या पाकिटात गेली.

सोलापूरहून अम्मीचा फोन आला, "कुळथाचं कढण पी." शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं दिली. मीही सगळं केलं. पुन्हा दुखलं नाही, म्हणून खडा पडला असं सगळ्यांना सांगत फिरलो.

दोन महिन्यांनी कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफी झाली. खडा नळीतच होता, ९ मिलिमीटरचा. वर मूत्रपिंडाला सूज. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी २५-३० सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. मोठा अडकला की कधी कधी दुखायचंही थांबतं, पण मूत्रपिंड आतल्या आत खराब होत राहतं. सर्व्हरचा अलार्म बंद झाला म्हणून बिघाड मिटला, असं मी कामावर कधीच मानत नाही. स्वतःच्या शरीराबाबत मात्र तेच मानलं होतं.

ऑपरेशनला टाका नाही, चिरा नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात आणि लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण आत नेतात. हे ऐकूनच अनेक तरुण पळ काढतात. मलाही लाज वाटली होती. पण तिथल्या लोकांसाठी ते रोजचं काम असतं. पडद्यावर मला माझा खडा दिसला, तपकिरी आणि काटेरी. लेझरने त्याचा चुरा झाला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. नळी सुजून बंद होऊ नये म्हणून आत एक मऊ नळी ठेवतात, डीजे स्टेंट. सारखी लघवी लागते, कधी लालसर होते, कुशीत ओढ बसते. काही आठवड्यांत सवय होते आणि माणूस विसरतो. माझ्याही प्रोजेक्टची रिलीज त्याच आठवड्यात होती. पुढे ढकलावं असं मनात आलं.

पण वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर बांधकामावर काम करणारे एक चाचा होते. त्यांचा स्टेंट वर्षाहून जास्त काळ आतच राहिला होता. काढायला जायचं म्हणजे मजुरी बुडणार, आणि दुखत तर नव्हतं. त्या स्टेंटवरच खड्याचा थर चढला आणि दुसरं मोठं ऑपरेशन करावं लागलं. मी ठरलेल्या तारखेलाच गेलो. माझा स्टेंट काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

म्हणून चार गोष्टी सांगतो. लघवी दिवसाला अडीच लिटरच्या आसपास व्हायला हवी, त्या हिशेबाने पाणी प्या. मीठ कमी करा, पण मनाने दूध बंद करू नका. ताप, थंडी आणि कुशीत कळ एकत्र आली तर त्याच रात्री दवाखाना गाठा. खड्याचा त्रास असेल तर रमजानआधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनात आहे.

आणि मोहल्ल्यात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर एवढंच विचारा, "स्टेंट काढला का?" पैशांची अडचण असेल तर त्यांच्यासोबत जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून विचारा.

त्या चाचांना हे विचारायला कुणी नव्हतं. आपण इतके जण आहोत.