अकरावीच्या उंबरठ्यावर
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आज ज्यांच्या हाती मंडळाची पारितोषिके पडली, त्यांपैकी पुष्कळ जण लवकरच विज्ञानशाखेचा अर्ज भरतील. दहावीला उत्तम गुण मिळाले म्हणजे विज्ञानशाखा हे त्याचे बक्षीस, अशी आपल्या घराघरांतून समजूत आहे. परंतु त्या शाखेत कोणता विषय ठेवला व कोणता सोडला, यावर पुढील सारे अवलंबून असते. आणि हा निर्णय बहुधा अर्ज भरण्याच्या घाईत एका बैठकीत उरकला जातो. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा तिला न विचारताच!

माझा रोख गणिताकडे आहे. ‘डॉक्टरच व्हावयाचे, मग गणित कशाला?’ असे म्हणून कित्येक पालक ते अकरावीतच सोडावयास लावतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आणि उरलेले पदार्थविज्ञान व रसायन यांचे असतात. गणित तेथे नाही, हे खरेच. पण तेथे जागा न मिळाल्यास काय? राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत अभियांत्रिकीच्या गटासाठी २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. वास्तुकलेलाही बारावीचे गणित लागते. औषधनिर्माणशास्त्राला मात्र गणित वा जीवशास्त्र, दोहोंपैकी एक चालते. उलट, बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन उत्तीर्ण होणाऱ्यासही ‘नीट’ला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली ठरविले. म्हणजे गणित ठेवणाऱ्याचे मन मागाहून पालटले, तरी वैद्यकाची वाट अगदीच खुंटत नाही.

ज्याला झेपेल त्याने दोन्ही विषय ठेवावेत. भार वाढतो, हे मान्य. परंतु पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या ‘आयसर’सारख्या मूलभूत विज्ञानाच्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे प्रश्न सारख्याच संख्येने येतात.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र यांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. ते बहुधा सढळ हाताने मिळतात, म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. शिकवणीवर्गाशी संधान बांधलेल्या काही कनिष्ठ महाविद्यालयांत मुलगा ब्युरेट हाती न धरताच उत्तीर्ण होतो, आणि पदवीच्या पहिल्याच वर्षी त्याचे हात कापू लागतात. प्रवेशापूर्वी पालकांनी प्रयोगशाळा स्वतः पाहावी. बाटल्यांवरील धूळच पुष्कळ सांगते.

दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका आणि तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हाही एक राजमार्ग आहे. तो कमी गुणांच्या मुलांचा, असे आपण का मानतो, हे मला कळलेले नाही.

ज्यांना शंका असतील त्यांनी समारंभानंतर अवश्य भेटावे. मात्र मुलाला वा मुलीला बरोबर आणावे, आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा.