हरभऱ्याचा स्फुरद आणि खुरपं

पेरणीनंतर महिन्याभराने हरभऱ्याचं एक रोप मुळांसकट हळूच उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. आत गुलाबी रंग असेल, तर ती गाठ हवेतला नत्र पिकाला देते आहे. या गाठींना आणि मुळांना बळ मिळतं ते स्फुरदाचं.

पण स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही, आणि चुनखडीच्या काळ्या रानात तर लवकर बांधला जातो. म्हणून तो वरून फेकू नका. दोन चाड्यांच्या पाभरीने पेरणीवेळीच बियाण्याखाली पडू द्या. हेक्टरी 50 किलो स्फुरद, म्हणजे एकरी साधारण अडीच गोणी सिंगल सुपर फॉस्फेट. त्यातून गंधकही मिळतं. माती परीक्षण केलं असेल, तर मात्रा त्याप्रमाणे धरा.

आणि तण? हरभरा सुरुवातीला सावकाश वाढतो, चाकवत मात्र झपाट्याने. विकत आणलेला स्फुरद मग तणच खातं; फांद्या कमी फुटतात, घाटे कमी लागतात. पहिली कोळपणी-खुरपणी 20 ते 25 दिवसांनी, दुसरी 30 ते 35 दिवसांनी, वाफसा पाहून करा. पीक फुलावर येण्याआधी हे काम उरकाच.