प्रवेश-अर्जातील निबंध

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे ज्या 'कॉमन अ‍ॅप'द्वारा अर्ज स्वीकारतात, त्यात अर्जदाराला स्वतःविषयी 250 ते 650 शब्दांचा एक निबंध लिहावा लागतो. आणि अर्जात अन्यत्र नमूद केलेल्या बक्षिसांची यादीच तेथे पुन्हा उतरवून काढणे हा त्या मोजक्या शब्दांचा, माझ्या मते, निव्वळ अपव्यय होय. त्याऐवजी काय लिहावे याचे उदाहरण पाहा: 1883 साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल होण्याची विनंती करताना आनंदीबाई जोशी यांनी, आपली पूर्वतयारी नियमांच्या कसोटीस सर्वस्वी उतरणार नाही हे न लपविता, पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची व्यथा पत्रात मांडली. अठरा वर्षांच्या आनंदीबाईंना प्रवेश मिळाला, आणि 1886 च्या मार्चमध्ये त्या एम.डी. झाल्या.