जुनी होडी आणि थोडें भांडवल

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें देवळाच्या पायाभरणीची हकीकत सांगावी व उपकारकर्त्यांचें स्मरण करावें, असा रिवाज आहे. तें काम आमच्याहून वडील मंडळींनीं याच व्यासपीठावरून उत्तम रीतीनें केलें आहे. आम्हीं मात्र निराळाच विषय हातीं घेतला आहे. थोड्या पैशांत जुनी होडी घेऊन मासेमारीचा धंदा कसा सुरू करावा, हा तो विषय होय. हें ऐकून कित्येकांच्या चेहऱ्यावर हसूं उमटलेलें आम्हांस येथून दिसत आहे. पिंपरी-चिंचवड हें यंत्रांचें गांव. येथें दिवस पाळीवर मोजावयाचा आणि समुद्र तर घाटाखालीं दूर राहिला. मग होडी कशाला?

परंतु हा विषय आम्हीं उगाच निवडलेला नाहीं. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारे, वय चाळिशीपलीकडे गेलेले, आणि ज्यांचें कंत्राट पुन्हां वाढलें नाहीं असे आपल्यांतील कित्येक गृहस्थ आम्हांस भेटतात. त्यांपैकीं कांहींचीं मूळ गांवें इंदापूर, दौंड, करमाळा या बाजूस उजनीच्या पाण्याकांठीं आहेत. कांहींचे आप्त वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर आहेत. हातीं आलेल्या लहानशा रकमेंतून एक जुनी होडी घ्यावी आणि गांवीं जाऊन कष्टाची भाकरी खावी, असा विचार ते बोलून दाखवितात. तो विचार वाईट नाहीं. परंतु त्याच विचारापायीं दोन घरें विस्कटलेलीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत, म्हणून बोलणें प्राप्त आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्यांतील दोघां जिवलग मित्रांनीं आपली पुंजी एकत्र करून उजनीच्या कांठीं एक पत्र्याची होडी विकत घेतली. ती निळ्या रंगानें चकचकीत रंगविलेली होती. आशीर्वादासाठीं त्यांनीं आम्हांस नेलें. आम्हीं प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलें, आणि मोठ्या समाधानानें परत आलों. होडी उलथी करून तिचा तळ पाहण्याचें ना त्यांस सुचलें, ना आम्हांस. तिसऱ्याच दिवशीं तळ झिरपूं लागला. रंगाखालीं गंज होता. दुरुस्तीस पैसा उरला नव्हता, जाळीं उधार आणलेलीं होतीं, आणि मासे धरण्याचा परवाना दोघांपैकीं एकाच्याहि नांवें नव्हता. होडी कांठावर पडून राहिली. मग दोष कोणाचा यावरून शब्दास शब्द लागला, आणि वर्षभर तीं दोन कुटुंबें देवळाच्या दोन बाजूंस, एकमेकांकडे न पाहतां, बसत राहिलीं. त्या दोघांहून आमची चूक मोठी होती. कारण आम्हांस विचारण्यांत आलें होतें, आणि आम्हीं कांहींएक चौकशी न करितां आशीर्वाद देऊन मोकळे झालों.

त्यानंतर उजनीकांठच्या व किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसांस विचारून जें आम्हांस समजलें, तें आज क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट हक्काची. होडी विकत घेतली म्हणजे पाणी विकत घेतलें असें होत नाहीं. आपली पवना दापोडीजवळ मुळेस मिळते, मुळा पुण्यांत मुठेस मिळते, आणि तें पाणी पुढें भीमेंत जातें; इंद्रायणी तुळापुरास भीमेस भेटते. हें सारें पाणी उजनीच्या धरणांत सांठतें. तें धरण १९८० सालीं पुरें झालें. म्हणजे आपण येथें नदींत जें सोडतों, तें शेवटीं तेथील मासेमाराच्या जाळ्यापाशीं जाऊन पोहोंचतें, हेंहि कारखान्यांत वावरणाऱ्या प्रत्येकानें मनांत बाळगावें. धरण जवळचें पवना वा भामा-आसखेड असो, कीं दूरचें उजनी असो, तेथील मासे धरण्याचा हक्क सरकारचा असतो. मत्स्यव्यवसाय खात्याच्या द्वारें तो कोठें मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्यानें, तर कोठें परवान्यानें दिला जातो. समुद्रावर १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा लागू आहे. तेथें होडीची नोंदणी व परवाना दोन्ही लागतात, आणि पावसाळ्यांत जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. म्हणून होडी पाहावयास जाण्यापूर्वीं खात्याच्या कचेरींत व संस्थेच्या चिटणीसाकडे जाऊन, आपणांस परवाना मिळेल काय, हें विचारावें. तो मिळत नसल्यास होडी फुकट मिळाली तरी घेऊं नये. भीमेवर भोई बांधव पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. त्यांच्या पाण्यावर आपण पाहुणे म्हणून जातों. पाहुण्यानें आधीं दारावर थाप मारावी, हेंच बरें.

दुसरी गोष्ट पारखीची. जुन्या होडीचा नवा रंग पाहून भुलूं नये. उलट, विकण्याच्या बेतानें नुकताच रंग दिलेला दिसला तर अधिक बारकाईनें पाहावें. होडी पाण्याबाहेर काढून उलथी करावयास लावावी व भर उजेडांत तपासावी. पत्र्याची असेल तर तळावर लहान हातोडीनें ठोकीत जावें. जेथें पत्रा खाल्ला गेला असेल तेथें आवाज बदलतो आणि पत्रा दबतो. सांधे व वेल्डिंगच्या रेघा विशेष पाहाव्या. येथें आपणांस एक मोठी सोय आहे. सुतारकीचें ज्ञान आपल्यांत थोडें असेल, परंतु वेल्डर आणि पत्राकाम जाणणारे आपल्या धर्मग्रामांत वाण्याच्या दुकानांत मीठ असावें तसे आहेत. त्यांतील एखाद्यास बरोबर न्यावें, आणि त्याची एक दिवसाची मजुरी द्यावी. फुकट सल्ला बहुधा घाईचा असतो. होडी लांकडी असेल तर चाकूचें टोंक फळ्यांच्या सांध्यांत व तळाच्या कण्याशीं टोंचून पाहावें. तें लोण्यांत शिरावें तसें शिरलें तर लांकूड कुजलेलें समजावें. फायबरची असेल तर नाण्यानें वाजवून पाहावी. टणटणीत आवाजाच्या मध्यें एकाएकीं बद्द आवाज आला, तर तेथील थर सुटले असण्याचा संभव असतो. मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात, ती हातानें हालवून पाहावी. इंजिन थंड असतांना आपल्या समोर सुरू करावयास सांगावें. विकणारानें तें आधींच तापवून ठेविलें असेल, तर दुसऱ्या दिवशीं यावें. शेवटीं होडीचा तळ कोरडा पुसून, ती पाण्यांत घालून, दोघांनीं तींत एक तास बसावें. हा एक तास आमच्या त्या दोघां मित्रांनीं खर्चिला असता, तर त्यांचें एक वर्ष वांचलें असतें.

तिसरी गोष्ट पैशाची. समजा, हातीं ६०,००० रुपये आहेत. तर ६०,००० रुपयांची होडी शोधूं नये, २०,००० रुपयांत काय मिळतें तें पाहावें. दुसरे २०,००० जाळीं, वल्हीं, दोर, दुरुस्ती, परवान्याचा खर्च आणि अंगांत घालावयाचीं जीवरक्षक जाकिटें यांसाठीं राखावे. उरलेले २०,००० घरांत, गृहिणीच्या हातीं ठेवावे. कारण मासा पहिल्याच महिन्यांत घर चालवीत नाहीं. इतक्यांत इंजिनाची होडी बसत नसल्यास वल्ह्यांची घ्यावी, इंजिन मागाहून येईल. उजनीचें पाणी कित्येक उन्हाळ्यांत मृतसाठ्याच्याहि खालीं उतरतें, कांठ दूर सरतो, आणि होडी चिखलांतून ओढावी लागते. तेव्हां लहान व हलकी होडी गरिबीची खूण नसून शहाणपणाची आहे असें कळून येतें.

कर्जाविषयीं दोन शब्द. व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतली म्हणजे पुढें मासा त्यालाच घालावा लागतो, आणि भावहि तोच ठरवितो. सावकाराच्या व्याजाविषयीं तर सांगावयास नको. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मासेमारांसहि लागू करण्यांत आली. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के, व अनुसूचित जाति-जमाती आणि स्त्रियांस ६० टक्के अर्थसाह्य ठेवण्यांत आलें. अशा सोयींची चौकशी बँकेंत व खात्याच्या कचेरींत अवश्य करावी. मात्र जुन्या होडीस साह्य मिळेलच असें धरून चालूं नये, आणि न मिळालेल्या पैशाच्या भरंवशावर सौदा करूं नये.

चवथी गोष्ट शिकण्याची. यंत्रावर बसण्यापूर्वीं आपण उमेदवारी केली होती कीं नाहीं? मग पाण्यावर एकदम मालक होण्याची घाई कां? एक हंगामभर दुसऱ्याच्या होडींत हाताखालीं काम करावें. जाळें कोठें व केव्हां सोडावें, कटला, रोहू, चिलापी, मरळ यांस कोणतें जाळें लागतें, बारीक डोळ्याच्या जाळ्यानें पिलें उपसलीं तर पुढच्या वर्षाचें पोट कसें मारलें जातें, हें सारें तेथेंच कळतें. सर्वांत मोठा धडा वाऱ्याचा आहे. २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या पाण्यांत वादळी वाऱ्यानें उलटली. सात जणांपैकीं एक पोहत कांठास लागला. सहा जण मृत्यु पावले, त्यांत लहान मुलेंहि होतीं. समुद्र नाहीं, नुसतें धरणाचें पाणी आहे, असें म्हणणारानें ती तारीख स्मरणांत ठेवावी. वळवाच्या दिवसांत आभाळ काळवंडूं लागलें कीं जाळें सोडून द्यावें आणि कांठ गांठावा. जाळें पुन्हां विकत मिळतें.

पांचवी व शेवटची गोष्ट भागीदारीची. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत शिमोनाची होडी आहे, तसेच दुसऱ्या होडींतील त्याचे भागीदारहि आहेत. जाळीं माशांच्या भारानें फाटूं लागलीं, तेव्हां त्यानें त्यांस खुणेनें बोलाविलें, आणि ते आले. त्या प्रसंगावर आम्हीं किती तरी वेळां प्रवचन केलें असेल. परंतु भागीदार हांकेसरशीं आले, या साध्या गोष्टीकडे आमचें लक्ष त्या निळ्या होडीनंतरच गेलें. आमचे दोघे मित्र होते. पण भागीदार कसे असावें, हें त्यांनीं ठरविलें नव्हतें. म्हणून कोणी किती पैसे घातले, दुरुस्तीचा खर्च कसा वांटावा, आजारपणीं वांटा किती, एकास बाहेर पडावयाचें झाल्यास काय, हें कागदावर लिहून काढावें, आणि त्यावर दोन्ही घरच्या स्त्रियांच्याहि सह्या घ्याव्या. वसई-उत्तनकडील आपल्या कोळी भगिनींकडे पाहा. पुरुष मासा आणतो, आणि त्याचे पैसे करून घर चालविण्याचें काम बहुधा त्याच करितात. हिशेब रोजच्या रोज, मासा विकला त्याच दिवशीं, दोघांनीं मिळून लिहावा.

त्या दोन घरांचें पुढें काय झालें, असें आपण मनांत विचारीत असाल. होडी मोडींत गेली. त्यांतील एकानें पुढें एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखालीं काढला, परवाना मिळविला, आणि पहिलीहून लहान, वल्ह्यांची होडी घेतली. ती घेण्यापूर्वीं तो आपल्या जुन्या मित्राच्या दारीं गेला आणि, बुडालेल्या पैशांतील तुझा वांटा मी थोडाथोडा फेडीन, असें म्हणाला. कायद्यानें तो तसें करण्यास बांधलेला नव्हता. अजून कांहीं हप्ते राहिले आहेत. दोघे पूर्वीसारखे बोलत नाहींत, परंतु मागच्या नाताळांत त्यांचीं मुलें एकाच बाकावर बसलेलीं आम्हीं वेदीवरून पाहिलीं. या पंचवीस वर्षांत आपण बांधलेल्या भिंतींचा आम्हांस अभिमान आहेच. पण त्या बाकाचा थोडा अधिक आहे.

तेव्हां ज्यांच्या मनांत होडी घ्यावयाची आहे, त्यांनीं अवश्य घ्यावी, आणि आशीर्वादासाठीं आम्हांस अवश्य बोलवावें. आम्ही येऊं. मात्र आतां आमचा एक नियम झाला आहे. आधीं परवाना पाहूं, मग होडी उलथी करून पाहूं, मग तुमच्यासह तींत एक तास बसूं. आणि आमचा झगा कोरडा राहिला, तरच पवित्र पाणी शिंपडूं.

प्रभु येशू ख्रिस्त आपल्या सर्वांच्या घरांवर व हातांच्या कामांवर कृपा करो.