कालिकतच्या किनाऱ्यावर आधी कोण उतरलं?

(युवा अभ्यास शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मला 'इतिहास आणि आपण' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. एवढा मोठा विषय मला झेपत नाही. त्याऐवजी मी काही चित्रं आणि एक नकाशा घेऊन आलोय. सगळ्यांचा संबंध एकाच प्रसंगाशी आहे. वास्को द गामा कालिकतला, म्हणजे आजच्या केरळातल्या कोळिकोडला पोचला, तो प्रसंग. शाळेत आपण सगळ्यांनी तो एका ओळीत पाठ केलाय. 20 मे 1498. एका मार्काचा प्रश्न, पुढे चला.

आता पडद्यावर बघा. हे तैलचित्र वेलोझो साल्गादो या पोर्तुगीज चित्रकाराचं आहे, साल 1898. लिस्बनच्या भूगोल संस्थेत ते आहे. कालिकतच्या राजाचा दरबार. राजाला आपली पुस्तकं झामोरिन म्हणतात. वास्को ताठ उभा आहे आणि चित्रातला सगळा उजेड, सगळ्या नजरा त्याच्याकडे. कुणीही बघितलं तर वाटेल, इथे बोलणारा एकच आहे, बाकीचे ऐकायला जमलेत.

साल लक्षात घ्या. 1898 म्हणजे त्या सफरीची चारशे वर्षं. आणि त्याच्या आठच वर्षं आधी, 1890 मध्ये, ब्रिटनने दम भरल्यावर पोर्तुगालला आफ्रिकेतल्या मोठ्या प्रदेशावरचा दावा सोडून मागे यावं लागलं होतं. देशभर नामुष्कीची भावना होती. अशा वेळी घरातला मोठा माणूस आठवतो, त्याचा फोटो पुसून पुन्हा भिंतीवर लावला जातो. हे चित्र तसं आहे. त्यात 1498 थोडं आहे आणि 1898 जास्त.

मग 1498 मध्ये घडलं काय? त्यासाठी चित्रकाराकडे जायची गरज नाही. त्या सफरीवर गेलेल्या एका माणसाची रोजनिशी आहे, तिची जुनी प्रत पोर्तो शहराच्या ग्रंथालयात जपलेली आहे. ती पोर्तुगीजांचीच, त्यांच्याच बाजूने लिहिलेली आहे. म्हणूनच तिचं म्हणणं जास्त ऐकावं.

20 मेला जहाजांनी कालिकतच्या उत्तरेला नांगर टाकला. वास्को उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका तडीपार माणसाला किनाऱ्यावर पाठवलं. असे शिक्षा झालेले लोक जहाजावर मुद्दाम घेतलेले असत. अनोळखी किनाऱ्यावर आधी त्यांना पाठवायचं, जिवंत परत आला तर पुढचं बघू. म्हणजे त्या आरमारातून कालिकतमध्ये पहिलं पाऊल टाकणारा माणूस हा गुन्हेगार होता. गावकऱ्यांनी त्याला नेलं कुणाकडे? ट्युनिसहून आलेल्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांकडे, कारण त्यांना स्पेनची कॅस्टिलियन आणि इटलीतल्या जिनोवाची बोली येत होती.

त्या दोघांचं पहिलं वाक्य शिवी होती. सैतानाच्या नावाने शिवी घालून त्यांनी विचारलं की बाबा, तू इथे कसा? उत्तर आलं, ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलोय. त्यावर त्यांनी विचारलं की मग कॅस्टिलच्या राजाने, फ्रान्सच्या राजाने, व्हेनिसवाल्यांनी का नाही माणसं पाठवली? बघा, मलबारच्या किनाऱ्यावर बसलेला ट्युनिसचा व्यापारी युरोपचं राजकारण तोंडपाठ असल्यासारखं बोलतोय. मग त्यांनी त्या तडीपाराला घरी नेलं, गव्हाची पोळी आणि मध खायला दिला. एक जण त्याच्याबरोबर जहाजापर्यंत आला.

मला हा प्रसंग फार आवडतो. शिवी, चौकशी, मग जेवण. आपल्याकडे मोहल्ल्यात नवखा माणूस आला तर याच क्रमाने सगळं होतं. पण एवढ्या गाजलेल्या सफरीच्या ज्या चित्रांनी आपली पाठ्यपुस्तकं आणि पोस्टर सजली, त्यांत हा तडीपार, ही पोळी आणि हे दोन व्यापारी दिसत नाहीत. तिथे वास्कोच उतरतो, झेंडा घेऊन, स्वच्छ कपड्यांत.

प्रत्यक्षात तो उतरला 28 मेला, तेरा माणसं घेऊन, पंतलायिनी नावाच्या बंदरात. तिथून पालखीत. वाटेत त्यांना एका देवळात नेलं. त्यांना ते चर्च वाटलं! भिंतीवरची चित्रं त्यांनी संतांची समजून घेतली. रोजनिशी लिहिणाऱ्याने मात्र टिपून ठेवलंय की या संतांचे दात बाहेर आलेले आहेत आणि त्यांना चार-पाच हात आहेत. डोळ्यांनी नीट पाहिलं, पण मनात आधीच जे होतं तेच दिसलं. चित्रांबद्दल बोलताना ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. युरोपातून निघालेल्या माणसाच्या डोक्यात पूर्वेकडच्या ख्रिस्ती राज्यांची चित्रं होती, आणि ती समोरच्या भिंतीवर जाऊन बसली.

दरबारात झामोरिन हिरव्या मखमलीच्या बैठकीवर रेललेला होता, पान खात होता, चोथा थुंकायला हातात सोन्याचं भांडं. दुसऱ्या दिवशी वास्कोने राजासाठी आणलेल्या भेटी काढल्या. पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, साखर, तेल आणि मध. राजाची माणसं हसली. मक्केकडून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त आणतो, असं ऐकवलं. राजाला द्यायचं तर सोनं द्या म्हणाले. हे हसू साल्गादोच्या चित्रात कसं येणार? चारशे वर्षांच्या समारंभाला कुणी हात धुवायची भांडी रंगवत नाही.

आता मागे जाऊ, अगदी त्या काळात. पोर्तुगालचा राजा दों मानुएल याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या सफरीचे मोठाले भिंतपडदे विणून घेतले, आजच्या बेल्जियममधल्या तुर्ने गावात. विणकरांनी ना हिंदुस्थान पाहिला होता, ना कालिकत. म्हणून त्यांचं कालिकत युरोपातल्या किल्ल्यासारखं दिसतं. आणि जहाजांजवळच्या प्राण्यांत चक्क एक शिंग असलेला कल्पनेतला घोडाही आहे. मला हे पडदे साल्गादोपेक्षा प्रामाणिक वाटतात. ते उघड उघड स्वप्न आहे. साल्गादो तपशील इतके खरे रंगवतो की खोटं कुठे सुरू झालं ते कळत नाही.

आता नकाशा. याचं नाव कांतिनो नकाशा, 1502 सालचा. पोर्तुगीज राजा आपले नकाशे गुप्त ठेवत असे. इटलीतल्या फेराराच्या ड्यूकचा हस्तक अल्बेर्तो कांतिनो याने बारा सोन्याची नाणी मोजून लिस्बनमधून ही नक्कल बाहेर काढली. पुढे 1859 च्या दंगलीत तो नकाशा मोदेना शहरातल्या राजवाड्यातून गायब झाला आणि नंतर सापडला तो एका खाटकाच्या दुकानात! आता मोदेनाच्या ग्रंथालयात आहे.

कालिकतजवळ या नकाशावर मजकूर लिहिलाय. हे अत्यंत थोर शहर, याचा शोध राजा दों मानुएलने लावला, असा त्याचा आशय, आणि पुढे मालाची यादी. 'शोध लावला' हे शब्द कागदावर आले ते असे, वास्को परतल्यावर तीनच वर्षांत. कालिकतला अरब, गुजराती, मलबारी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या होते. इब्न बतूताने 1340 च्या दशकात याच बंदरात चिनी जहाजं नांगरलेली पाहून लिहून ठेवलं होतं. पण नकाशा काढणाऱ्याचा पत्ता लिस्बनचा, म्हणून शोधही लिस्बनचा.

पण याच नकाशात एक गंमत आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी तो आणलाय. उजव्या कडेला बघा, मलाक्का आणि त्यापलीकडचा किनारा. तिथे ठिकाणांजवळ उत्तर दिशेच्या ताऱ्यांची उंची लिहिलीय, आणि ती अंशांत नाही, बोटांच्या मापात आहे. क्षितिजापासून तारा किती बोटं वर, हे अरबी समुद्रातल्या नाखुद्यांचं माप. अरबीत त्याला 'इसबा' म्हणतात, म्हणजे बोट. दोरीला गाठी मारलेली एक लाकडी पाटी असे, 'कमाल' नावाची. ती डोळ्यांसमोर धरून हे माप काढत. 1502 पर्यंत एकही पोर्तुगीज जहाज मलाक्काला गेलेलं नव्हतं, ते 1509 मध्ये गेलं. म्हणजे ही माहिती आधीपासून त्या पाण्यात वावरणाऱ्या लोकांकडून आलेली आहे. मजकूर राजाचा, बोटं नाखुद्याची.

याला दुजोरा देणारी एक गोष्ट पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारोसने लिहिलीय. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला वास्कोला वाटाड्या मिळाला. बारोस त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो. त्याने वास्कोला हिंदुस्थानच्या सगळ्या किनाऱ्याचा नकाशा दाखवला, आडव्या-उभ्या रेषा आखलेला. वास्कोने आपलं मोठं लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब पुढे केलं, तर हा माणूस अजिबात चकित झाला नाही. आमच्याकडेही अशी साधनं आहेत म्हणाला. तेव्हा जमीन दिसण्याआधी वास्कोने ती कागदावर पाहिलेली होती, दुसऱ्याच्या कागदावर.

इथे आपल्यालाही एक कडू घोट घ्यायचाय. तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर एक पोस्ट फिरलेली असेल: वास्कोला वाट दाखवणारा थोर अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिद होता, जग विसरलं, अभिमानाने शेअर करा. इब्न माजिद थोर होता यात शंका नाही, नौकानयनावरचे त्याचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात. पण तो वाटाड्या इब्न माजिद नव्हता, असंच आज बहुतेक अभ्यासक मानतात. ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली ती कित्येक दशकांनंतर मक्केतल्या कुतबुद्दीन नहरवाली या इतिहासकाराने. आणि त्याने ती कौतुकाने लिहिली नव्हती! त्याच्या म्हणण्याप्रमाणे फिरंग्यांनी इब्न माजिदला दारू पाजून रस्ता काढून घेतला. म्हणजे तो आरोप होता. आपण आरोप उचलला, धुतला आणि त्याचा हार केला. साल्गादोने जे केलं त्याहून हे फार वेगळं नाही. नाव-गाव नसलेला एक गुजराती नाखुदा आपल्याला पुरत नाही, आपल्याला हिरो लागतो.

खरं तर आपल्याकडे चांगला साक्षीदार आहे. पोन्नानीचे शेख झैनुद्दीन मख्दूम, मलबारचे आलिम. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी अरबीत 'तुहफतुल मुजाहिदीन' लिहिलं. त्यात फिरंगी पहिल्यांदा आले ते पंतलायिनीला, तीन जहाजांतून, तिथून जमिनीवरून कालिकतला गेले, असं साधं सरळ दिलंय. पंतलायिनीचं नाव रोजनिशीशी जुळतं. आज सहलीवाले कप्पडच्या किनाऱ्यावर जातात, तिथे वास्को इथे उतरला असा दगड उभा आहे, त्याच्यासोबत सेल्फी काढतात. शेखसाहेबांच्या पुस्तकावरून पंतलायिनीला जाणारे किती?

त्या पुस्तकात रागही भरपूर आहे, आणि त्याला कारण आहे. 1502 मध्ये वास्को दुसऱ्यांदा आला, तेव्हा हजहून परतणाऱ्या लोकांनी भरलेलं एक जहाज त्याने लुटून माणसांसकट जाळलं, बायका-मुलांसकट. हे त्याच्याच ताफ्यावरच्या तोमे लोपेश नावाच्या लेखनिकाने लिहून ठेवलंय. दरबाराच्या चित्रासमोर उभं राहताना हे माहीत असावं, एवढंच म्हणतो.

शेवटी आपल्या जवळचं. गोव्याला तुम्ही जाताच. पुढच्या वेळी बीचवरून अर्धा दिवस काढा आणि जुन्या गोव्याला जा. मांडवीच्या धक्क्याजवळ व्हाइसरॉयची कमान आहे, वास्कोचा पणतू गव्हर्नर असताना बांधलेली. ती मध्ये पडली होती, 1954 मध्ये पुन्हा उभी केली. नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. होडीतून येणाऱ्याला तो आधी दिसावा म्हणून. आता कमानीखालून जा आणि वळून शहराकडची बाजू बघा. तिथे एक स्त्री उभी आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस पडलेला आहे. आदिलशाहाच्या पराभवाची ही खूण, असं सांगितलं जातं. बहुतेक लोक नदीकडूनच फोटो काढून निघून जातात.

मग तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. हा संग्रह 1547 मध्ये जुआंव द कास्त्रोने सुरू केला. तोवर वास्कोला मरून तेवीस वर्षं झाली होती. गास्पार कोरेया नावाचा इतिहासकार या सगळ्यांना ओळखत होता. तो आठवून आठवून सांगायचा, नाक असं होतं, दाढी अशी, आणि रंगवणारा होता इथलाच एक देशी चित्रकार. नंतर त्या चित्रांवर रंगाचे इतके थर चढले की मूळ हात शोधणं कठीण. पण त्या तसबिरींची सुरुवात अशी आहे: पोर्तुगीज माणूस सांगतोय आणि आपल्याकडचा कुणीतरी ब्रश धरून विचारतोय, भुवया जाड होत्या की बारीक?

माझी वेळ संपली, आयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्न विचारा. तोवर पडद्यावर हे कालिकतचं चित्र राहू द्या, जर्मनीतल्या कोलोनमध्ये 1572 साली छापलेलं. यात वास्को कुठेही नाही. खाली किनाऱ्याकडे बघा. हत्ती आणि माहूत आहेत, आणि त्यांच्याजवळ काही जण जहाज बांधतायत.